आबांची आठवण-पुस्तिका: कॅसेट, फोटो, मोडी वही, छपाई. जाणकारांचं मार्गदर्शन हवंय

वाईची_नात

नमस्कार मंडळी. आमचे आबा गेल्या कार्तिकात, वद्य पंचमीला, वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. १९५२ ते १९८७ एस.टी.त कंडक्टर होते. पंगतीत कुणी "आता बास" म्हणून पानावर हात आडवा धरला, की "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे" म्हणत आणखी एक पुरणपोळी वाढायचे. पत्त्यांत हरले की पानं खाली ठेवून "गाडी पंक्चर" असं जाहीर करायचे. नातवंडांना झोपवताना अंगाईऐवजी वाई-पुणे गाडीचे थांबे एका चालीत म्हणायचे: सुरूर, खंडाळा, शिरवळ, कापूरहोळ, खेड-शिवापूर, कात्रज, स्वारगेट.

वर्षश्राद्धाला येणाऱ्या सगळ्यांना एक पुस्तिका द्यायचं घरात ठरलंय. १५० प्रती, साधारण ६४ पानं. हाताशी एवढं आहे: घरी टेप केलेल्या ११ कॅसेट (१९८० ते ९५ च्या दरम्यानच्या, गप्पा, नकला, गोष्टी), त्यातल्या दोनवर पांढरे ठिपके आणि एक जागची हलत नाही. तीन अल्बम, एक चिकट पानांचा. फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला एक फोटो. पणजोबांची मोडीतली जमाखर्चाची वही. आबांचा तिकिटाचा पंच आणि बिल्ला. जन्मपत्रिकेत शके १८५१, माघ शुद्ध सप्तमी आहे आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२९. आठवणी सांगू शकतील अशी सहा माणसं आहेत, सगळी पंचाहत्तरीच्या पुढची.

सुरुवात कशापासून करू? जन्मतारीख कुठली धरू? आणि मुख्य म्हणजे, "प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख" अशा शब्दांची पुस्तिका नकोय. वाचताना आबांचा आवाज कानात यायला हवा.

---

तिथी_वार

आधी दिवस पक्का करा, कारण बाकी सगळं वेळापत्रक त्यावर आहे. वर्षश्राद्ध तिथीने होतं. एरवी तीच तिथी पुढच्या वर्षी इंग्रजी तारखेने १०-११ दिवस अलीकडे येते. पण यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणून ती १९-२० दिवस पुढे जाते. गेल्या वर्षी कार्तिक वद्य पंचमी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, यंदा ती महिनाअखेरीस येईल. अधिक मास मध्ये आला की काही घराण्यांत रिवाज वेगळा असतो, तेव्हा गुरुजींना विचारल्याशिवाय छापखान्याला तारीख देऊ नका.

जन्मतारखेचं सोपं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माघ आहे, म्हणजे १८५१ अधिक ७९, सन १९३०. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी, त्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. पत्रिकेत वार आणि नक्षत्र असेलच, ते जुन्या पंचांगाशी जुळवून नेमका दिवस काढा. संवत्सराचं नावही तपासा, शके १८५१ ला 'शुक्ल' असायला हवं. दुसरं नाव असेल तर शक वाचण्यात चूक झाली आहे.

१ जून ही शाळेत घातलेली तारीख. नाव घालताना नेमकी तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी जूनची पहिली लिहून टाकत, त्या पिढीत घरोघरी असे १ जूनचे वाढदिवस सापडतात. पुस्तिकेत पत्रिकेची तारीख घ्या. नोकरीचा कागद छापणार असाल तर त्यावरची १ जून तशीच राहू द्या आणि खाली एका ओळीत खुलासा करा, नाहीतर प्रत्येक पाहुणा तीच शंका विचारेल. पत्रिकेप्रमाणे ९५ पूर्ण होऊन ९६ वं चालू होतं, दाखल्याप्रमाणे ९६ पूर्ण. दोन्हीची सरमिसळ एका पानावर होऊ देऊ नका.

---

सांगोवांगी

सुरुवात माणसांपासून करा. कॅसेट आणखी सहा महिने थांबतील, पंचाहत्तरीपुढची माणसं थांबतीलच असं नाही.

सहाही जणांना आधी एकेकटं गाठा. सगळ्यांना एकत्र बसवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते, आणि घरातल्या बायका "हो, तसंच" म्हणून गप्प बसतात. एका बैठकीला ४०-४५ मिनिटं पुरे. दुपारचं जेवण होऊन वामकुक्षी झाल्यानंतरची वेळ बरी. मोबाइल विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशीचा प्रत्येक खणखणाट आत जातो. पंखा बंद. कुकर गॅसवर नसावा. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्ही स्वतः बोला, वर्षभराने फाइल उघडल्यावर त्याचं मोल कळतं.

"आबांबद्दल काही सांगा" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "देवमाणूस होता" हेच येतं. हातात वस्तू द्या. तो पंच द्या आत्याच्या हातात, दाबायला सांगा, आवाज झाला की गोष्ट आपोआप येईल. प्रश्न बारीक हवेत: ते तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारायचे? ड्यूटीवरून आल्यावर पहिली गोष्ट काय करायचे? सुट्टे पैसे कुठे ठेवायचे? रागावले की काय म्हणायचे? कुणाची नक्कल सगळ्यात चांगली करायचे?

सालं कुणाला आठवत नाहीत, खुणा आठवतात. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे) झाला तेव्हा ते कुठल्या गाडीवर होते? बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होतं? नये पैसे आले (१ एप्रिल १९५७) तेव्हा तिकिटाचा हिशोब कसा करायचे? हा शेवटचा प्रश्न कंडक्टरच्या घरात सोन्यासारखा आहे. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे एका दिवसात १०० नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, आणि पाव पैशाचं नाणंच नव्हतं. त्या दिवसांत गाडीत काय काय वाद झाले असतील, हे कुणाला तरी त्यांनी सांगितलेलं असणारच.

आता विनोदाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

हसऱ्या माणसावरची पुस्तिका कोरडी होते, कारण लिहिणारा विनोदाचा निष्कर्ष लिहितो, विनोद लिहीत नाही. तुम्ही वर दिलेला पुरणपोळीचा प्रसंगच घ्या. "आबा आग्रहाने वाढायचे आणि त्यात त्यांचा मिश्कील स्वभाव दिसायचा" असं लिहिलंत की संपलं. त्याऐवजी पानावर आडवा धरलेला हात, आबांच्या हातातलं ताट, आणि त्यांचं वाक्य, एवढंच लिहायचं. "मिश्कील" हा शब्द गाळायचा. पण एक गोष्ट घालायलाच हवी: गाडी खचाखच भरलेली असताना कंडक्टर दारातून हेच ओरडायचा. ज्या पणतवंडांनी उभ्याने एस.टी.चा प्रवास केलेला नाही त्यांना हे माहीत नाही, आणि ते माहीत नसेल तर वाक्यात हसण्यासारखं काही उरत नाही. हा खुलासा विनोदाच्या आधी यायला हवा. नंतर दिलेल्या खुलाशावर कुणी हसत नाही.

प्रत्येक विनोदासाठी तीन गोष्टी टिपा: नेमके शब्द, समोर कोण होतं, आणि त्यानंतर काय झालं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आजी काय म्हणाल्या, हे पुष्कळदा आबांच्या वाक्याइतकंच महत्त्वाचं असतं.

बोली बदलू नका. "आलतो", "गेलतो", "काय करतुयास" असं बोलत असतील तर तसंच छापा. मोबाइलवरचं बोलून टायपिंग हे सगळं गुपचूप प्रमाण मराठी करून टाकतं, "आलतो"चं "आलो होतो" होतं आणि माणूस पानावरून निघून जातो. त्यामुळे पहिला खर्डा यंत्राने काढा हवं तर, पण शेवटचा हात कानाने ऐकून फिरवा. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा.

एकेकट्याच्या बैठका झाल्या की मग एकदाच सगळ्यांना एकत्र बसवा, शक्यतो पत्ते मांडून. आठवणी एकांतात नीट येतात, विनोद मात्र चारचौघांतच आठवतात. फोन चालू ठेवा आणि तुम्हीही डाव खेळा.

एक सावधगिरी. आबांनी नातेवाइकांना ठेवलेली टोपणनावं आणि त्यांच्यावर केलेल्या कोट्या ज्याच्या त्याला वाचून दाखवून होकार घ्या. घरात हसून सोडून दिलेली गोष्ट १५० प्रतींत छापली की तिचं वजन बदलतं. जमिनीच्या वाटण्या, उसनवारी, कोण कुणाशी बोलत नव्हतं, हे पुस्तिकेत नको. ध्वनिमुद्रणात असलं तर ती फाइल तशीच जपून ठेवा, फक्त छापू नका.

---

टेपडेक

कॅसेटबद्दल. कृपया यूएसबीचा स्वस्त वॉकमनसारखा प्लेअर घेऊ नका. त्याचा वेग डळमळतो आणि बोलणं पाण्यातून आल्यासारखं थरथरतं. ओळखीत कुणाकडे चांगला घरगुती डेक असेल तर तो मिळवा, नवा बेल्ट घालून घ्या. डेकच्या 'लाइन आउट'मधून 'लाइन इन' असलेल्या यूएसबी साउंड कार्डात, तिथून लॅपटॉप. हेडफोनच्या भोकातून थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालणं ही नेहमीची चूक. माइकचं भोक बारीक सिग्नलसाठी असतं, त्यात मोठा सिग्नल गेला की आवाज फाटतो आणि तो नंतर कशानेही सांधत नाही.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेटची वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची टिकली तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग आबा पुसले जाणार नाहीत. मग उघड्या बाजूला मधोमध बघा, तांब्याच्या पट्टीवर फेल्टची किंवा स्पंजची चिमुकली गादी असते. ती गळून पडली असेल तर टेप हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज दबका, घोंगडीतून आल्यासारखा येतो. एखाद्या निकामी कॅसेटमधली गादी काढून बसवता येते. त्यानंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी पडलेल्या टेपचे वेढे एकमेकांना धरून बसलेले असतात, ते सुटतात.

हलत नाही ती कॅसेट डेकमध्ये घालून ओढू नका, टेप तुटेल. आधी तळहातावर सपाट बाजूने हलकेच आपटा, पेन्सिल घालून दोन्हीकडे थोडं थोडं फिरवा. तरी हलली नाही तर दोष बहुधा टेपचा नसून डबीचा असतो. पाच स्क्रूंची डबी असेल तर उघडून रिळं तशीच्या तशी दुसऱ्या चांगल्या डबीत बसवा. चिकटवलेली डबी असेल तर हे काम सवयीच्या हातानेच करावं. टेप तुटलीच तर स्प्लाइसिंग टेप (कॅसेटची टेप जोडायची खास पट्टी) वापरा. सेलोटेपचा गोंद वितळून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. त्या दोन कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, सगळ्यात शेवटी घ्या, आणि त्यांच्यानंतर डेकची हेडं साफ केल्याशिवाय दुसरी कॅसेट लावू नका, नाहीतर बुरशी पसरेल. हेडसाठी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी. बाजारातलं हाताला लावायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात चिकट द्रव्यं असतात. रबरी चाकाला अल्कोहोल कमीत कमी लावा, रबर तडकतं.

कॅसेट बदलली की हेडचा तिरकेपणाही कानाने जुळवायचा असतो. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूला अगदी पाव आटा इकडेतिकडे देऊन 'स', 'श', 'च' सगळ्यात टोकदार ऐकू येतील तिथे थांबायचं. ज्या रेकॉर्डरवर घरी टेप केलं त्याचं हेड तुमच्या डेकपेक्षा थोडं वाकडं असणारच. ही एक गोष्ट केली तर जेवढा फरक पडतो तेवढा नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. घरगुती मुद्रण एका माइकवरचंच असतं, म्हणून मोनो चालेल. तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. सगळ्यात मोठं हसू उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका आवाज ठेवा. नकलांच्या टेपमध्ये गोष्ट हळू आवाजात चालते आणि शेवटी दहा जण एकदम हसतात, पातळी त्या हसण्यावर लावायची असते. पूर्ण बाजू एकसलग घ्या, मध्ये कापू नका. ती मूळ फाइल कधीही बदलायची नाही, साफसफाई प्रतीवर.

खरखर काढताना हात आवरा. ६ ते ९ डेसिबलपेक्षा जास्त काढलं की शब्दांच्या शेपट्या जातात आणि आवाज घागरीतून येतो. त्या काळच्या रेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप वरखाली करणारी सोय असायची, त्यामुळे शांततेत खरखर वाढते आणि बोलणं सुरू झालं की दबते. म्हणून शांततेचा नमुना घेऊन सगळीकडे तेवढंच वजा केलंत तर बोलण्यावर अन्याय होतो. कोंबडा, भांडी, रस्त्यावरचा हॉर्न, हे काढायची गरज नाही, ते घर आहे.

आणखी एक दोष तुम्हाला बहुतेक भेटेल. रेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरत आले असतील, तर टेप हळू फिरत असताना मुद्रण झालेलं असतं. आज योग्य वेगाने लावलं की आबा बारीक आवाजात घाईघाईने बोलताना ऐकू येतील. लोक म्हणतात "तरुणपणी आवाज असा होता." तसं नसतं. नंतरच्या एखाद्या व्हिडिओतल्या त्यांच्या आवाजाशी ताडून ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' वापरा, 'चेंज टेम्पो' नाही. वेगाबरोबर सूरही खाली यायला हवा. सेल बाजू संपेपर्यंत आणखी उतरतात, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांना सुरुवातीपेक्षा जास्त दुरुस्ती लागू शकते.

---

जुने_ठसे

फोटो आणि मोडीचं सांगतो.

चिकट पानांचा अल्बम आधी रिकामा करा, तो गोंद फोटोला पिवळा करत राहतो. बोटाने किंवा सुरीने उचकटू नका. दातांचा साधा, मेण न लावलेला दोरा फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेल्या फोटोला अजिबात हात लावू नका. कोरडा ओढलात तर चेहऱ्यावरचा थर काचेवर राहतो. काच बाहेरून पुसा, खिडकीजवळ आडव्या उजेडात, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून फोटो घ्या, तेवढं पुरतं.

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला स्कॅन ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके). काळ्या पानांवरचे छोटे, आगपेटीएवढे फोटो असतील त्यांना १२००. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, डाग आणि पिवळेपणा नंतर वेगळा काढता येतो. टिफमध्ये जपा, जेपीजी फक्त पाठवण्यासाठी. प्रत्येक फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा: स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली अक्षरं, धुलाईचा नंबर. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग जागा, मग क्रमांक, आणि महिना माहीत नसेल तर दोन शून्यं. म्हणजे रांग आपोआप कालक्रमाने लागते. मागे बॉलपेनने नाव लिहू नका, पुढून उमटतं. मऊ पेन्सिल, तीही कडेला.

साल ओळखायला फोटोतली गाडी कामाला येईल. नंबरात एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल तर तो १९८९ नंतरचा. कंडक्टरचा गणवेश, बिल्ल्याचा क्रमांक, मागची आगाराची पाटी, हे सगळं भिंगाने बघा.

मोबाइलमधल्या त्या "जुना फोटो नवा करा" अॅपपासून लांब राहा. ती अॅपं चेहरा दुरुस्त करत नाहीत, नवा बनवतात. डोळे जरा मोठे, दात सरळ, सुरकुत्या गायब, आणि घरातली लहान मुलं तोच चेहरा आबा म्हणून लक्षात ठेवतात. चरे आणि ठिपके हाताने काढा, चेहऱ्याला हात लावू नका. रंग भरू नका.

मोडी वही सगळी वाचून घ्यायची गरज नाही, वेळही नाही. प्रत्येक पानाचा सावलीविरहित फोटो काढा आणि एकच पान पुस्तिकेसाठी निवडा, ज्यात घरातल्या माणसांची नावं किंवा आबांच्या जन्माच्या सुमाराचा खर्च आहे. शके १८५१ चा माघ शोधा. बारशाचं सामान, सुईणीचा खर्च असं काही निघालं तर त्या पानाइतकं सुंदर दुसरं काही मिळणार नाही. मोडीत आधी पूर्ण ओळ आखतात आणि मग तिला लटकवत, हात न उचलता लिहीत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत. म्हणून अंदाजाने वाचलं तर नावं हमखास चुकतात. वाचणाऱ्याला घरातल्या चार पिढ्यांची नावं आणि गावांची यादी सोबत द्या, काम निम्मं होतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांमधून शिकलेली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कुणी एक पान सहज वाचून देईल. आकड्यांशेजारच्या उभ्या-आडव्या रेघा म्हणजे आणे-पैच्या खुणा, त्या खोडाखोड समजून पुसू नका.

---

फर्मा

छपाई. १५० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल करा. आकार डेमी १/८, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. फोटो खूप असतील तर क्राउन १/४ घ्या. पानसंख्या चारच्या पटीत लागतेच, १६ च्या पटीत असेल तर उत्तम, त्यामुळे ६४ योग्य आहे. कागद ९० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे साधा, न चमकणारा. वयस्कर वाचक जास्त असणार, त्यांना चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याखाली वाचता येत नाही. फोटोंचा एक १६ पानी संच १३० जीएसएम मॅट आर्टवर वेगळा करता येईल. मुखपृष्ठ ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन.

बांधणी शिवून घ्या. सेंटर पिन ६४ पानांना फुगते आणि मधली पानं बाहेर सरकतात. नुसत्या गरम गोंदाच्या बांधणीत आर्ट पेपरची पानं दुसऱ्या-तिसऱ्यांदा उघडल्यावर सुटतात, आणि ही पुस्तिका पुन्हा पुन्हा उघडली जाणार.

अक्षर १३ पॉइंट, ओळींतलं अंतर १९. युनिकोडमध्येच टाइप करा. फाँट मराठी वळणाचा हवा, नाहीतर 'ल' आणि 'श' हिंदी येतात. मुक्ता, यशोमुद्रा, तिरो देवनागरी मराठी हे चांगले आहेत, पण छापण्याआधी 'ल', 'श' बघून घ्या. पानं मांडणारा इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरणारा असेल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू असल्याची खात्री करा, नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. प्रूफ वाचताना 'दुसऱ्या', 'पुढाऱ्या', 'वाऱ्या' हे शब्द मुद्दाम शोधा. 'ऱ्य'चा 'र्य' झालेला असतो आणि डोळा त्यावरून घसरतो. पीडीएफ आल्यावर आधी एक पान कागदावर छापून बघा, पडद्यावर विसंबू नका.

कृष्णधवल फोटो ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटांत) करून पाठवा, नाहीतर चार शाईंत छापून हिरवट किंवा गुलाबी येतात. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). स्कॅन ६०० डीपीआयचा असेल तर फोटो छापताना दुप्पट मोठा करता येतो, त्यापुढे नाही.

मजकूर श्राद्धाच्या दिवसाच्या दोन महिने आधी बंद करा. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी हमखास "माझा फोटो राहिला" म्हणतं. त्यासाठी शेवटी दोन पानं मोकळी ठेवा.

---

वाईची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच आत्याकडे पंच घेऊन जाते. आवाजाचं विचारायचं राहिलं. क्यूआर कोड छापला तर चालेल ना?

---

फर्मा

छापायला अडचण नाही, किमान २ सेंमी चौकोन, भोवती पांढरी जागा, आणि प्रूफवर तीन वेगळ्या मोबाइलवर तपासून घ्या.

---

टेपडेक

चालेल, पण फक्त त्यावर विसंबू नका. दुवा ज्या खात्यावर असेल ते खातं दहा वर्षांनी चालू असेल याची खात्री कुणी देत नाही, आणि पुस्तिका तर पन्नास वर्षं टिकेल. कोड घालाच, शिवाय मूळ वेव्ह फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक गावाकडे, एक पुण्यात किंवा जिथे कुणी असेल तिथे. वर्षातून एकदा दोन्ही लावून उघडतात का बघा, डिस्क कपाटात पडून राहिली तरी बिघडते. कॅसेट टाकू नका. रिळ एका बाजूला पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

कोडसाठी सगळी टेप नको. चार-पाच मिनिटांचे दोन तुकडे पुरे. एक नकलेचा, आणि दुसरा थांब्यांची अंगाई कुठे मिळाली तर तो. दुसरा शोधताना बाजू संपायच्या शेवटच्या मिनिटांपर्यंत ऐका. मुलांना झोपवताना टेप चालूच राहिलेली असते, आणि असे तुकडे बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

---

सांगोवांगी

अंगाई सापडली तर शब्दही छापा, आणि थांबे आबांच्या क्रमाने ठेवा. एखादा थांबा मागेपुढे किंवा गाळलेला असेल तर नकाशा बघून दुरुस्त करू नका, आधी आत्याला विचारा. चालीत बसवायला त्यांनी तो मुद्दाम हलवला असेल, किंवा तेव्हा गाडी तिथे थांबतच नसेल.